आहुपेच्या रानातला मधाचा ताळेबंद

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन धारेवर वसलेले आहुपे हे गाव गिर्यारोहकांना घाटवाटेमुळे आणि निसर्ग अभ्यासकांना तिथल्या देवराईमुळे परिचित आहे. गावाच्या पश्चिमेला तुटलेला कडा, त्याखाली ठाणे जिल्ह्याचा मुरबाड तालुका, तर पूर्वेला घोड नदीचे खोरे आणि डिंभे धरणाचा जलाशय. दक्षिणेकडे भीमाशंकरचे जंगल आहे. वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. पावसाळ्यात भात, नाचणी, वरई आणि उन्हाळ्यात हिरडा, हा येथील अर्थव्यवहाराचा कणा. ही दोन्ही कामे नसतात, त्या महिन्यांत या पट्ट्यातील अनेक कुटुंबे जुन्नर, नारायणगाव, ओतूरच्या बागायती गावांत कांदा-टोमॅटोच्या मजुरीला उतरतात.

अशा गावाला मधमाशीपालन हा जोडधंदा सुचवला जाणे स्वाभाविक आहे. शेती नको, पाणी नको, जमिनीची मालकी नको. माशी फुलांतला मकरंद गोळा करते, माणसाने फक्त पेटी ठेवायची, असे या व्यवसायाचे चित्र शहरातील व्याख्यानांतून आणि सरकारी पत्रकांतून रंगवले जाते. जांभूळ, हिरडा, अंजनी, गेळा, कारवी ही सह्याद्रीच्या माथ्यावरील फुलांची यादी पाहिली, तर या चित्रात खोटे काही नाही. प्रश्न एवढाच आहे, की ज्या डोंगरात फुले आहेत, माशी आहे आणि मध काढण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची माहितीही आहे, त्या डोंगरात केवळ मधावर चूल पेटणारे घर सहसा का आढळत नाही?

उत्तर शोधण्यापूर्वी माशांची ओळख करून घ्यायला हवी, कारण या धंद्याचे अर्थकारण कोणती माशी पाळली यावरच ठरते. सह्याद्रीत मध देणाऱ्या माशा मुख्यतः चार. उंच कड्यांवर आणि मोठ्या झाडांवर एकच भलेमोठे पोळे बांधणारी आग्या माशी. ती पेटीत राहत नाही. झुडपांत हातभर उंचीवर छोटे पोळे करणारी फुलोरी, तिचा मध चवीला उत्तम पण अत्यल्प. झाडाच्या ढोलीत किंवा दगडांच्या कपारीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधणारी सातेरी, जिला काही भागांत सातपुडी म्हणतात. आणि नखाएवढीही नसलेली, डंख न मारणारी पोयाट. यांपैकी पेटीत नांदते आणि चार पैसे देऊ शकते ती सातेरी. पाचवी माशी परदेशी, युरोपीय वंशाची मेलिफेरा. १९६०च्या दशकात ती पंजाब-हिमाचलाच्या पट्ट्यात यशस्वीरीत्या रुजवण्यात आली आणि आज देशातील व्यापारी मधाचा मोठा हिस्सा तीच देते. सातेरीची वसाहत एका जागी राहून वर्षाला साधारण पाच ते आठ किलो मध देते. मेलिफेराची पेटी, फुलोऱ्यामागे गावोगाव फिरवली तर, पंचवीस ते चाळीस किलोपर्यंत जाते. हा फरक पुढच्या सगळ्या हिशेबाच्या मुळाशी आहे.

महाराष्ट्रात पेटीतील मधमाशीपालनाचा पाया महाबळेश्वरला घातला गेला. १९४६ साली तेथे मधोद्योगाला सुरुवात झाली, पुढे मधपाळांची सहकारी संस्था उभी राहिली, आणि आजही राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तेथूनच चालते. पुण्यात १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. म्हणजे देशातील या विषयाची प्रमुख संस्था आणि राज्यातील या धंद्याचे जुने केंद्र, दोन्ही आहुपेपासून एका दिवसाच्या प्रवासात आहेत. प्रतापगडाच्या परिसरातील मांघर या छोट्या गावाला मे २०२२मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित करण्यात आले. तेथील बहुसंख्य घरे या व्यवसायात आहेत. मांघरचे उदाहरण आज प्रत्येक आदिवासी गावापुढे ठेवले जाते. ते ठेवताना महाबळेश्वरला वर्षभर लोटणारा पर्यटक आणि तेथील पाऊणशे वर्षांची खरेदी-यंत्रणा यांचा उल्लेख मात्र राहून जातो.

आता हिशेब. समजा, आहुपेसारख्या गावातील एका कुटुंबाने सातेरीच्या दहा पेट्या घेतल्या. वसाहतीसह पेटी आणि स्टँड यांचा खर्च ढोबळमानाने पाच हजार रुपये धरला तर पन्नास हजार झाले. मधयंत्र, धुरांडे, जाळीची टोपी, सुरी आदी साहित्याचे आठ हजार. एकूण अठ्ठावन्न हजार. खादी मंडळाच्या मधकेंद्र योजनेत निम्मे अनुदान मिळते, तेव्हा घरातून जायचे एकोणतीस हजार. पहिल्या वर्षी मधाची अपेक्षा धरू नये, वसाहत बळावते एवढेच. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दहापैकी तीन वसाहती काही ना काही कारणाने दुबळ्या राहिल्या किंवा पळाल्या असे गृहीत धरू. या व्यवसायात हे गृहीतक निराशावादी ठरत नाही. उरलेल्या सात पेट्यांचा प्रत्येकी सहा किलो म्हणजे बेचाळीस किलो मध. किलोला पाचशे रुपये असा चांगला दर उत्पादकाच्या हातात पडला, तर एकवीस हजार रुपये.

यातून पावसाळ्यातील साखर वजा करायची. दहा पेट्यांना पन्नास किलो साखर, सुमारे सव्वादोन हजार रुपये. मेणपत्रे, बाटल्या, पेट्यांची डागडुजी, घोडेगावपर्यंतच्या खेपा यांचे तीन हजार. शिल्लक पावणेसोळा हजार. पेट्यांचे आयुष्य आठ वर्षे धरून घरातून घातलेल्या भांडवलाचा घसारा काढला, तर हाती खरे बारा हजार उरतात. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे वर्षभराच्या मधमाशीपालनाचे मोल चाळीस दिवसांच्या खडी फोडण्याएवढेही भरत नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, अन्यथा हिशेब एकांगी होईल. दहा पेट्यांना आठवड्यातून तीनेक तास पुरतात. वर्षाचे तास जमवले तर वीस दिवसांची मेहनत. म्हणजे दर दिवसाच्या श्रमाला मधमाशी रोजगार हमीच्या दुप्पट मोबदला देते. काम फायद्याचे आहे, पण असे कामाचे दिवसच थोडे आहेत. आणि ते वाढवणे माणसाच्या हातात नाही, कारण इथे मर्यादा श्रमांची नसून फुलांची आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपये निव्वळ मिळवायचे असतील, तर सातेरीच्या शंभर-सव्वाशे पेट्या लागतील. सातेरीची झेप एक-दीड किलोमीटरची. एका जागी वीसच्या वर पेट्या ठेवल्या तर माशा एकमेकींच्या तोंडचा घास पळवतात. शंभर पेट्यांसाठी पाच-सहा जागा, त्याही एकमेकींपासून दूर, मध्ये चढउतार, ओढे आणि कडे. सपाटीवर मोटारसायकलने होणारी फेरी आहुपेत पायी करावी लागते.

पावसाचा मुद्दा तर निराळाच. घाटमाथ्यावरचा पाऊस जूनच्या मध्याला सुरू होतो तो सप्टेंबरपर्यंत पाठ सोडत नाही. दिवसच्या दिवस धुके आणि संततधार असताना कामकरी माशी पोळ्याबाहेर पडू शकत नाही. साठवलेला मध संपतो, राणीची अंडी घालण्याची गती मंदावते, ओलसर पेटीत मेणकिडा शिरतो. याच काळात मधपाळाने साखरेचा पाक दिला नाही तर वसाहत एखाद्या उघडिपीच्या सकाळी उठून निघून जाते. सातेरीचा हा स्वभावच आहे. उपासमार झाली, मुंग्यांचा किंवा गांधीलमाशीचा त्रास झाला, पेटी वारंवार उघडली गेली, की ती घर सोडते. दूध न देणारी म्हैस निदान गोठ्यात तरी असते. इथे भांडवल उडून जाते, आणि उडून गेलेल्या वसाहतीचा पंचनामा कोणी कशाचा करायचा? पीक बुडाले तर तलाठ्याला शेत दाखवता येते, पळालेल्या माशीच्या मागे रिकामी पेटी तेवढी दाखवता येते.

रोगाचा धोका याहून मोठा. थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने अळ्या पिशवीसारख्या फुगून मरतात. १९९१-९२च्या सुमारास या रोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक वसाहती संपवल्या. केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूतील हजारो छोट्या मधपाळांचा धंदा एक-दोन हंगामांत बसला. या रोगावर औषध नाही. जगल्या-वाचल्या वसाहतींतून चिवट माशी निपजण्याची वाट पाहणे, एवढाच मार्ग तेव्हा होता. सातेरीच्या पेटीसाठी कर्ज देताना बँकेचा व्यवस्थापक हात आखडता घेत असेल, तर त्याला सर्वस्वी दोष देता येत नाही.

आहुपेच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, जी महाबळेश्वरच्या अनुभवावरून बेतलेल्या योजनांमध्ये दिसत नाही. ती म्हणजे हिरडा. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात बाळहिरडा गोळा करणे हे उन्हाळ्यातील प्रमुख रोख उत्पन्न आहे. झाडावर चढून कोवळी फळे झोडायची, वेचायची, वाळवायची आणि आदिवासी विकास महामंडळाला किंवा व्यापाऱ्याला विकायची. हे काम घरातील सगळ्यांचे हात मागते. सह्याद्रीत मधाचा मुख्य हंगामही याच दिवसांतला. मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ फुलतो, त्याच्या मागेपुढे हिरड्याचा आणि गेळ्याचा मध येतो. मधकोठी भरली की चार-आठ दिवसांत मध काढावा लागतो. पाच-सहा किलो मधासाठी घरातले दोन माणूस थांबवायचे की हिरड्याच्या पोत्यामागे लावायचे, याचे उत्तर कोणत्याही शहाण्या कुटुंबात एकच येते. हिरड्याचे पैसे ठरलेले आहेत, गिऱ्हाईक दारात येते आणि वजन झाले की व्यवहार संपतो.

दोन उत्पन्ने असली म्हणजे जोखीम वाटली जाते, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात खरे आहे. ३ जून २०२० रोजी कोकण किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाने घाटमाथ्यावरील हिरड्याचे मोठे नुकसान केले आणि भरपाईसाठी आदिवासी शेतकऱ्यांना पुढे आंदोलने करावी लागली. ज्या झाडावर फळ नाही त्या झाडावर माशीसाठीही काही नाही. हिरडा आणि मध ही एकाच झाडाची दोन उत्पन्ने असतील, तर वादळाच्या दिवशी ती एकदमच जातात.

पेटीच्या बाहेरचा मध हा या डोंगरांतील जुना व्यवहार. आग्या माशीची कड्यावरची पोळी रात्री मशाल आणि धूर यांच्या साहाय्याने काढण्याचे कसब अनेक आदिवासी समाजांत आहे. एका पोळ्यातून सातेरीच्या दोन-तीन पेट्यांएवढा मध एका रात्रीत मिळू शकतो. भांडवल शून्य, जोखीम मात्र जिवाची. या पद्धतीत पोळे पूर्ण कापले जाते, अळ्या पिळल्या जातात, जळून असंख्य माशा मरतात आणि अळ्यांचा रस मिसळल्याने मध लवकर आंबतो. पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून बाकी जागीच ठेवण्याची पद्धत पुण्याच्या संस्थेने आणि विदर्भातील काही कार्यकर्त्यांनी विकसित केली. तिने मध स्वच्छ मिळतो आणि माशी त्याच जागी पुन्हा पोळे भरते. भावाचा प्रश्न मात्र राहतोच. केंद्र सरकारने २०२०मध्ये वनोपजांच्या किमान आधारभूत किमती सुधारल्या तेव्हा जंगली मधाला किलोमागे २२५ रुपये ठरवण्यात आले. दोरावर लटकून काढलेल्या वस्तूची ही किंमत.

कायद्याने मध आदिवासींचाच आहे. २००६च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येतच मध आणि मेण यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि आंबेगाव व जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. परंतु हक्क आणि बाजार या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

बाजारात आहुपेच्या मधाची गाठ पडते ती राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशातील मोहरीच्या मधाशी. तेथे एकेका मधपाळाकडे शेकडो मेलिफेरा पेट्या असतात आणि मध पिंपांत मोजला जातो. हा भाव इतका खाली आला, की मार्च २०२४मध्ये केंद्र सरकारला मधावर टनाला २,००० डॉलर एवढी किमान निर्यात किंमत लावावी लागली. तेव्हाच्या विनिमय दराने किलोला साधारण १६५ रुपये. म्हणजे घसरण थांबवण्यासाठी सरकारने घातलेला हा बांधही १६५ रुपयांवर होता. वरच्या हिशेबात पाचशेच्या जागी हा आकडा घालून पाहावा. बेचाळीस किलोचे जेमतेम सात हजार होतात, खर्च सव्वापाच हजारांचा. घसाऱ्याचे नाव काढायचे नाही. सातेरीचा डोंगरी मध हा वेगळा माल म्हणून, वेगळ्या भावाने विकला गेला तरच हा धंदा उभा राहतो, नाहीतर नाही.

आणि वेगळा माल म्हणून विकायचा तर ग्राहकाचा विश्वास हवा. डिसेंबर २०२०मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने तेरा ब्रँडचा मध तपासला, तेव्हा सर्व चाचण्यांत उतरले केवळ तीन. साखरेचे असे पाक बाजारात आले आहेत, जे नेहमीच्या चाचण्या चुकवण्यासाठीच बनवले जातात. ते पकडायला लागणारी अणुचुंबकीय अनुस्पंदन चाचणी महागडी, मोजक्या प्रयोगशाळांत होणारी. मोठी कंपनी तो खर्च हजारो पिंपांवर पसरवते. बेचाळीस किलोवाल्याने तो कशावर पसरवायचा?

त्यात शहरी ग्राहकाचे स्वतःचे काही समज आहेत. थंडीत मध गोठला की त्यात साखर आहे, असे सर्रास मानले जाते. वास्तविक मधातील ग्लुकोजचे खडे होणे ही नैसर्गिक क्रिया आहे, बाटली कोमट पाण्यात ठेवली की ते विरघळतात. पाण्याच्या ग्लासात थेंब सोडून किंवा काडी पेटवून मध पारखण्याच्या घरगुती युक्त्यांनाही फारसा अर्थ नाही. जांभळाचा मध गडद आणि किंचित तुरट-कडवट लागतो. बरणीतल्या सोनेरी, एकसारख्या मधाला सरावलेल्या जिभेला तो भेसळीचा वाटतो. आहुपेचा मध शहरात नाकारला जातो तो बऱ्याचदा खरा असल्यामुळे.

त्याची एक खरी उणीवही आहे. दमट हवेतील सातेरीच्या मधात पाण्याचे प्रमाण जास्त असते. अन्न सुरक्षा मानकांनुसार ते वीस टक्क्यांच्या आत हवे. त्याहून अधिक असेल तर मध आंबतो, फेसाळतो आणि बाटलीचे झाकण उडते. पोळ्यावर मेणाची टोपी चढेपर्यंत थांबून काढलेला मध पुष्कळसा या मर्यादेजवळ येतो, पण पावसाचे ढग दिसू लागले की थांबायची हिंमत कोण करतो? प्रक्रिया करून पाणी कमी करायचे तर यंत्र हवे, आणि ते दहा पेट्यांच्या मालकाचे काम नाही, संस्थेचे आहे. महाबळेश्वरच्या मधपाळाचा फायदा नेमका इथे होतो. तो कच्चा मध वजन करून देतो. पुढचे गाळणे, तापवणे, तपासणे, बाटली आणि गिऱ्हाईक ही संस्थेची जबाबदारी असते. घोडेगावात किंवा डिंभ्याच्या परिसरात अशी सोय झाली तर हिशेब पुष्कळ बदलेल. त्यासाठी मात्र निदान पाच-दहा गावांचा मध एकत्र यावा लागेल. मध पुरेसा नाही म्हणून केंद्र नाही, आणि केंद्र नाही म्हणून कोणी पेट्या वाढवत नाही, अशी ही कोंडी आहे.

मग मेलिफेरा का पाळू नये? घाटमाथ्याच्या पावसात ती टिकत नाही, आणि एका जागी ठेवली तर तिची मोठी वसाहत पोसण्याएवढा सलग फुलोरा डोंगरात नसतो. तिला ट्रकमधून फिरवावे लागते. हिवाळ्यात मोहरीकडे, एरवी सूर्यफूल, तीळ, कोथिंबीर, ओव्याच्या शेतांकडे. मराठवाड्यातील सूर्यफुलाचे क्षेत्र एके काळी या फिरत्या मधपाळांचा मोठा आधार होते. ते आक्रसत गेल्याने राज्यातल्या राज्यातली फेरी लांबली, आणि डिझेलचा खर्च मधाच्या उत्पन्नात घुसला. शंभर पेट्यांचे भांडवल काही लाखांत जाते. हा धंदा शेतमजुराचा राहत नाही, व्यापाऱ्याचा होतो.

परागीभवनाचे भाडे हा मात्र खरोखर नवा विचार आहे. कॅलिफोर्नियातील बदामाच्या बागांना फेब्रुवारीत लाखो पेट्या लागतात आणि एका पेटीचे काही आठवड्यांचे भाडे २०० डॉलरच्या आसपास असते. अमेरिकेतील अनेक मधपाळ मधापेक्षा या भाड्यावर जगतात. आपल्याकडे डाळिंबाच्या बागांत आणि कांद्याच्या बीजोत्पादनात पेट्या भाड्याने ठेवण्याचा प्रघात काही ठिकाणी पडला आहे. जुन्नर-आंबेगावच्या पूर्व भागात कांदा मुबलक आहे, आणि आहुपेचे लोक हंगामात तिथेच मजुरीला जातात. त्याच वाटेने माशाही गेल्या तर? गणित आकर्षक आहे, पण भाजीपाल्याच्या त्या पट्ट्यात कीटकनाशकांची फवारणी सकाळी, ऐन फुलांवर होते. संध्याकाळी फवारावे हे शेतकऱ्याला पटले तरी शेजारच्याला पटेलच असे नाही, आणि माशी बांध ओळखत नाही.

कारवीचा विषय राहिला. सात-आठ वर्षांनी एकदा डोंगरच्या डोंगर जांभळे करणारे हे झुडूप पावसाळा सरताना, म्हणजे माशी सर्वांत भुकेली असते त्या काळात फुलते. त्याचा मध इतका वेगळा आहे, की देशाच्या मध-मानकांत कारवीच्या मधासाठी शर्करेच्या प्रमाणाची स्वतंत्र मर्यादा दिलेली आहे. अशा वर्षी पावसातून ताठ निघालेल्या वसाहती असलेल्या मधपाळाला नेहमीच्या दुप्पट मध सहज मिळतो. ज्याच्या पेट्या जुलैमध्ये साखरेअभावी रिकाम्या झाल्या, त्याला फुलांचे डोंगर पाहत बसावे लागते. पन्नास किलो साखरेचे सव्वादोन हजार रुपये त्या जुलैत घरात असणे, यावर ते सारे अवलंबून असते; आणि जुलै हा आहुपेत भातलावणीचा, हिरड्याचे पैसे संपत आलेला महिना असतो.